बंदिवासातील मर्कटशिशू

भक्तिमार्गाचे विवरण करताना आपल्या आचार्यांनी दोन दृष्टान्त योजिले आहेत. एक मर्कटकिशोरन्याय आणि दुसरा मार्जारकिशोरन्याय. मांजरी आपल्या पिलाला तोंडात धरून नेते. पिलाला स्वतः काहीच करावे लागत नाही. माकडिणीचे पिलू मात्र स्वतःच्या बळावर आईच्या पोटाला बिलगून राहते. आई एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झेप घेते तेव्हा पकड सुटू न देण्याची जबाबदारी पिलाचीच असते. श्रीवैष्णव संप्रदायातील वडकलै आणि तेन्कलै या शाखांमधला मतभेद याच दोन दृष्टान्तांनी समजावून दिला जातो. ईश्वराची कृपा प्रयत्नाने लाभते की आपोआप लाभते, असा तो प्रश्न आहे.

निसर्गाचे निरीक्षण म्हणून पाहिले तर हा दृष्टान्त अचूक आहे, पण तो अर्धाच आहे. पिलाने कितीही घट्ट धरले, तरी ज्या अंगाला ते बिलगले आहे त्या अंगाने त्याला राहू दिले पाहिजे. हे ‘राहू देणे’ आपण गृहीत धरतो. मातृप्रेम हे उपजतच असते, अशी आपली समजूत असते. म्हणूनच हौदातले पाणी नाकाशी आले तेव्हा पिलाला पायाखाली घेणाऱ्या माकडिणीची अकबर-बिरबलाची गोष्ट ऐकणाऱ्याला धक्का देते. प्रत्यक्षात बंदिवासात वाढलेल्या कित्येक माकडिणींनी हौद नसताना आणि पाणी नसताना आपली पिले अंगावरून झटकून टाकली आहेत. असे का घडते आणि ते कसे टाळता येते, हे समजण्यासाठी प्राणिशास्त्रज्ञांना बरीच वर्षे खर्च करावी लागली, आणि तेवढ्या अवधीत पुष्कळ पिले दगावली.

माकड, वानर आणि त्यांचे दूरचे आप्त

भिलाईच्या वैशाली नगरात राहणाऱ्या कुटुंबाला मैत्री बाग अपरिचित नसते. भिलाई पोलाद कारखान्याने १९७२ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेले हे उद्यान व प्राणिसंग्रहालय पांढऱ्या वाघांच्या प्रजननासाठी विशेष ओळखले जाते. प्राणिसंग्रहालय कोणतेही असो, मुलांची दाटी माकडांच्या पिंजऱ्यापुढेच अधिक असते, आणि आईच्या पोटाला चिकटलेले पिलू दिसले की मोठी माणसेही थबकतात. त्या दृश्यात आपल्याला आपले घर दिसते. परंतु माकडांची घरे एकाच नमुन्याची नसतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

मराठी भाषेने ‘माकड’ आणि ‘वानर’ असा जो भेद केला आहे, तो शास्त्रीय दृष्टीनेही उपयुक्त आहे. लाल तोंडाचे उत्तरेकडील माकड आणि डोक्यावर केसांचा भोवरा असलेले दक्षिणेकडील टोपीवाले माकड ही एका कुळशाखेची; काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर दुसऱ्या शाखेचे. दोन्हींच्या मादीला बहुधा एका वेळी एकच पिलू होते. लाल तोंडाच्या माकडाचा गर्भावधी सुमारे साडेपाच महिन्यांचा असतो. त्याची माता आपले नवजात पिलू सहसा दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. वानरांमध्ये याच्या उलट प्रकार आढळतो. १९५८ ते १९६० या काळात फिलिस जे या अमेरिकी अभ्यासिकेने भारतातील वानरांचे दीर्घ निरीक्षण केले, तेव्हा असे दिसून आले की काळसर रंगाचे नवजात पिलू जन्माच्या दिवशीच कळपातील अनेक माद्यांच्या मांडीवरून फिरून येते. अजून आई न झालेल्या तरुण माद्या त्यासाठी विशेष धडपडतात. प्रारंभी त्या पिलाला उलटे धरतात किंवा ओढाताण करतात. हळूहळू धरण्याची रीत त्यांना साधते. या धडपडीतील अर्थ पुढे स्पष्ट होईल.

प्रस्तुत प्रकरणाचा मुख्य विषय असलेली चिमुकली माकडे आपल्या देशातील नाहीत. मार्मोसेट आणि टॅमरिन या नावांनी ती ओळखली जातात, आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतील अरण्ये हे त्यांचे मूळ निवासस्थान होय. सामान्य मार्मोसेटचे वजन ३०० ते ४०० ग्रॅम, म्हणजे आपल्याकडील खारीहून अधिक पण मांजरीहून कितीतरी कमी. सर्वांत लहान असलेला खुजा मार्मोसेट तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपासच भरतो. पायाचा अंगठा वगळता या प्राण्यांच्या बोटांना सपाट नखांऐवजी नख्या असतात. त्या रोवून ती खोडावर खारीप्रमाणे चढतात, आणि मार्मोसेट तर दातांनी साल कोरून झाडाचा डिंक चाटतात.

जुळ्यांचे कुटुंब

या प्राण्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांच्या मादीला बहुधा जुळी होतात. सामान्य मार्मोसेटचा गर्भावधी सुमारे १४४ दिवसांचा असून प्रसूती प्रायः रात्री होते. नवजात पिलू साधारणपणे ३० ग्रॅमचे असते. दोन पिलांचे मिळून वजन मातेच्या वजनाच्या एकपंचमांशाच्या जवळपास जाते. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीने दहा किलोंची संतती जन्माला घालावी, तसेच हे झाले. एवढ्यावर भागत नाही. प्रसूतीनंतर दहा ते वीस दिवसांतच मादी पुन्हा गर्भ धारण करू शकते. म्हणजे अंगावर दोन पिणारी पिले आणि पोटात पुढची दोन, अशी तिची अवस्था असते.

एकट्या मातेला हा भार पेलणारा नसतो, आणि निसर्गानेही तो तिच्या एकटीवर टाकलेला नाही. मार्मोसेट कुटुंबात पहिल्या दिवसापासून पिता पिले पाठीवर घेतो. आई दूध पाजते आणि पाजून झाले की पिले पित्याच्या किंवा वडील भावंडांच्या पाठीवर जातात. सोनेरी सिंह-टॅमरिन या जातीत पहिले दोन-तीन आठवडे बहुतांशी आईच पिले वाहते, नंतर तो भार पित्याकडे जातो. पिले अन्न खाऊ लागली की वडीलधारी माकडे विशिष्ट आवाज काढून त्यांना बोलावतात आणि आपल्या हातातील किडा अगर फळ त्यांना घेऊ देतात.

पित्याच्या या वात्सल्याला शारीरिक आधारही आहे. दूध निर्माण करण्याशी संबंधित असलेले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पिले वाहणाऱ्या मार्मोसेट नराच्या रक्तात अनेक पटींनी वाढलेले असते, असे १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. मादी गर्भवती असताना होणाऱ्या पित्याचेही वजन वाढते, असे पुढे २००६ साली आढळून आले. पुढील श्रमांची ही पूर्वतयारी असावी.

कुटुंबाचा दुसरा नियम अधिक कठोर आहे. गटात प्रायः एकच मादी विते. तिच्या मुली वयात आल्या तरी आईच्या सान्निध्यात त्यांच्या बीजकोशांतून बहुधा बीज सुटत नाही. ज्येष्ठ मादीचा गंध आणि वर्चस्व यांचा हा परिणाम होय. मुलीला वेगळे काढून परक्या नराबरोबर ठेवले की थोड्याच दिवसांत तिचे ऋतुचक्र सुरू होते. क्वचित एकाच गटात दोन माद्या व्याल्या, तर ज्येष्ठ मादीने दुसरीची पिले मारल्याचेही पाहण्यात आले आहे. पिले वाहणाऱ्या पाठी मोजक्याच असतात आणि त्या कोणाच्या पिलांना मिळाव्यात, याचाच हा झगडा असतो. माणसाच्या नीतीचे माप येथे लावून उपयोग नाही.

अपयशाची वर्षे

१९६० आणि १९७० च्या दशकांत या चिमुकल्या माकडांना प्रयोगशाळांकडून मोठी मागणी आली. पांढऱ्या केसांचा तुरा असलेला कोलंबियातील टॅमरिन हा त्यांपैकी एक. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी वीस ते तीस हजार टॅमरिन एकट्या अमेरिकेत नेण्यात आले. कोलंबियाने १९७४ साली त्यांच्या निर्यातीस बंदी केली, तेव्हा ज्यांना हे प्राणी हवे होते त्यांना ते पिंजऱ्यातच वाढवणे प्राप्त झाले.

भारतातील माकडांच्या बाबतीतही असाच प्रसंग आला होता. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाकाठी एक लाखाहून अधिक लाल तोंडाची माकडे भारतातून परदेशी जात. पोलिओची लस तयार करणे आणि ती तपासणे हे त्यामागील प्रमुख कारण होते. करारातील अटी मोडून ही माकडे लष्करी प्रयोगांत वापरली जात असल्याचे उघडकीस आल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून त्यांची निर्यात पूर्णपणे बंद केली. तोपर्यंत रानातून पकडून आणणे हेच स्वस्त असल्याने पिंजऱ्यातील जननाकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नव्हते.

टॅमरिनांची जोडी जमे, मादीला गर्भ राही, प्रसूतीही सुखरूप होई. आणि दोन-तीन दिवसांत पिले पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेली आढळत. काही वेळा त्यांचे कान, शेपटी किंवा बोटे कुरतडलेली असत. मादीच्या अंगात दूध नाही म्हणावे, तर ते असे. पिलांची पकड कमजोर म्हणावी, तर ती केसांना चिकटलेली असत आणि आई अंग भिंतीला घासून त्यांना काढून टाकी. नरही त्यांना टाळी. रक्षक मग पुढील वेळी पिले जन्मतःच उचलून बाटलीच्या दुधावर वाढवू लागले. पिले जगली, मोठी झाली, आणि त्यांना जुळी झाल्यावर त्यांनीही तीच रीत अवलंबिली. उपाय हाच पुढच्या पिढीतील रोग ठरला.

या कोड्याचा उलगडा दोन दिशांनी झाला. पहिली दिशा विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी हार्लो यांच्या प्रयोगांची. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी लाल तोंडाच्या माकडांची पिले आईपासून तोडून तारेच्या व कापडाच्या पुतळ्यांबरोबर वाढवली. आज हे प्रयोग निर्दय मानले जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. आईवाचून एकाकी वाढलेल्या माद्या स्वतः माता झाल्यावर पिलाकडे दुर्लक्ष करीत, काही तर त्याला मारीत. मात्र दुसऱ्या पिलाच्या वेळी त्यांपैकी बऱ्याच जणींचे वर्तन सुधारे. उपजत म्हणून जे आपण समजतो, त्यातील पुष्कळसा भाग शिकावा लागतो, असा याचा अर्थ होय.

दुसरी दिशा टॅमरिनांच्या वसाहतींतील साध्या नोंदींची. कोणत्या मातापित्यांची पिले जगतात आणि कोणाची दगावतात, याचे पिढ्यान् पिढ्यांचे तपशील जुळवून पाहता, ज्यांनी लहानपणी धाकटी भावंडे पाठीवर वाहिली होती त्यांची पिले जगण्याची शक्यता फार अधिक असल्याचे दिसून आले. हा अनुभव ज्यांना नव्हता, अशा पांढऱ्या तुऱ्याच्या टॅमरिनांची पहिली पिले क्वचितच जगत. सामान्य मार्मोसेटमध्ये हा फरक तितका तीव्र नसतो. पिंजऱ्यातील जुनी पद्धत अशी होती की आईला दुसरे बाळंतपण येण्यापूर्वी आधीची पिले काढून वेगळी ठेवावीत, म्हणजे गर्दी होत नाही. व्यवस्थेच्या दृष्टीने ती सोयीची होती. पण तिच्यामुळे एकाही पिलाला भावंड पाहायलाही मिळत नसे. पुढे नियमच झाला की पिलांनी आईची निदान दोन बाळंतपणे पाहिल्यावाचून त्यांना कुटुंबातून हलवू नये. वानरांच्या कळपातील तरुण माद्यांची पिलू मिळवण्यासाठीची धडपड ही अशीच एक उमेदवारी असावी.

याउलट उदाहरण कॅरिबियन समुद्रातील कायो सान्तियागो या बेटाचे. १९३८ साली क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी भारतातून सुमारे चारशे माकडे जहाजाने नेऊन या बेटावर सोडली. त्यांना अन्न माणूस पुरवतो. परंतु आई, मावशी, आजी, भावंडे अशी कुळे त्यांनी स्वतः बांधली. मुली आईच्या कुळातच राहतात आणि लहानपणापासून पिले पाहतात. आज तेथे असलेली सगळी माकडे त्या चारशेंचीच संतती आहे. बंदिवासाहूनही कुटुंब तोडणे अधिक घातक असते, हे यावरून दिसते.

निवारा, अन्न आणि ऊन

अनुभवी मातापिता असले तरी पिलांचे जगणे इतर अनेक गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट उंची. मार्मोसेटला शत्रू वरून व खालून दोन्हीकडून संभवतो, आणि माणूस आपल्यापेक्षा उंचावर दिसला की तो भेदरतो. म्हणून पिंजरा लांबरुंद असण्यापेक्षा उंच असावा लागतो, आणि निजण्याची लाकडी पेटी वरच्या बाजूस टांगावी लागते. त्याच पेटीत मादी विते. प्रसूतीनंतर काही दिवस पेटी उघडून पाहण्याचा मोह आवरणे हे रक्षकाचे पहिले कर्तव्य होय. पिले आळीपाळीने कोणाच्या पाठीवर आहेत, त्यांची मान ताठ आहे का, शेपटीला पीळ आहे का, हे दुरूनच पाहता येते. भुकेले व अशक्त पिलू सतत चिरकते. पोट भरलेले पिलू गप्प असते.

दुसरी गोष्ट हवामान. या प्राण्यांना साधारण २३ ते २८ अंश सेल्सियस तपमान मानवते. मध्य भारतात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा सावली, वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचा शिडकावा यांवाचून असे प्राणी ठेवणे म्हणजे त्यांचा छळ होय. हिवाळ्यातील पहाटेची थंडीही पिलांना तितकीच घातक असते, कारण एवढ्या लहान शरीरातील उष्णता झपाट्याने निघून जाते.

तिसरी आणि दीर्घ काळ न उमगलेली गोष्ट म्हणजे ड जीवनसत्त्व. पूर्वी दक्षिण अमेरिकेतील माकडे पिंजऱ्यात काही महिन्यांतच लुळी पडत. त्यांची हाडे मऊ होऊन वाकत आणि जबडा सुजे. हा ‘पिंजऱ्याचा लकवा’ म्हणून ओळखला जाई. वस्तुतः तो मुडदूसच होता. वनस्पतिजन्य ड-२ जीवनसत्त्व आपल्याकडील माकडांना चालते. अमेरिकेतील माकडांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यांना ड-३ हेच रूप लागते, आणि तेही इतरांहून अधिक मात्रेत. हे १९६० च्या दशकात ध्यानात आले. सूर्यप्रकाशातील ज्या किरणांमुळे त्वचेत ड-३ तयार होते ते खिडकीच्या साध्या काचेतून आत येत नाहीत. म्हणून काचेआड उजेडात ठेवलेली माकडेही या दृष्टीने अंधारातच असतात. खरे ऊन, तसा विशेष दिवा किंवा अन्नातून ड-३ यांपैकी काहीतरी द्यावेच लागते. पाजणारी मादी व वाढती पिले यांना याची गरज सर्वाधिक असते.

अन्नाच्या बाबतीतही केवळ केळी व द्राक्षे देऊन भागत नाही. कीटक, अंडे, शिजवलेले कडधान्य यांतून प्रथिने मिळावी लागतात. मार्मोसेटला त्याखेरीज डिंक लागतो. कीटकांत व फळांत कॅल्शियम कमी असते. डिंकातून ते मिळते. म्हणून अनेक प्राणिसंग्रहालयांत बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक पाण्यात भिजवून लाकडाच्या खोबणींत भरून ठेवतात. माकडे तो तासन् तास चाटीत बसतात. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देणाऱ्या घरांतील वाचकांना हे ऐकून आश्चर्य वाटू नये.

चौथी गोष्ट रोगसंसर्ग. माणसाच्या ओठांवर बारीक फोड आणणारा विषाणू माणसाला किरकोळ त्रास देतो, पण मार्मोसेटला तो थोड्याच दिवसांत मारू शकतो. म्हणून असे फोड आलेल्या रक्षकाने त्या काळात माकडांकडे फिरकू नये आणि प्रेक्षकाने आपले उष्टे कदापि देऊ नये. अन्न निवडतानाही सावधगिरी हवी. १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही प्राणिसंग्रहालयांत ही माकडे यकृताच्या विकाराने मरू लागली. प्रथिनांसाठी खाऊ घातलेल्या उंदरांच्या पिलांतून आलेला विषाणू हे त्याचे कारण असल्याचे पुढे निष्पन्न झाले.

हाताने वाढवणे : शेवटचा उपाय

पिलू टाकले गेले आहे असे दिसताच ते उचलून बाटलीला लावावे, ही सहज प्रेरणा झाली. परंतु अनुभवी रक्षक प्रथम वाट पाहतो. आईने झटकलेले पिलू पुष्कळदा पिता किंवा थोरला भाऊ उचलून घेतो. पहिलटकरणीचा पहिला दिवस गोंधळाचा असतो, आणि दुसऱ्या दिवशी ती सावरते.

तिळी झाली की प्रश्न वेगळा असतो. बंदिवासात भरपूर अन्नामुळे मादी पुष्ट होते आणि तिळ्यांचे प्रमाण वाढते. स्तनाग्रे मात्र दोनच. तिसरे पिलू बहुधा मरते. अशा वेळी काही ठिकाणी तिन्ही पिले आळीपाळीने थोडा वेळ बाहेर काढून दूध पाजतात व परत कुटुंबात सोडतात. कोणतेही पिलू कायमचे दूर होत नाही आणि तिघांनाही पाठीवर बसण्याची सवय राहते.

अगदीच निरुपाय झाला तर पिलाला मऊ कापडाच्या गुंडाळीला बिलगू द्यावे लागते, ऊब द्यावी लागते आणि रात्रंदिवस सुमारे दोन तासांनी थेंब थेंब दूध पाजावे लागते. घाई केली तर दूध श्वासनलिकेत जाऊन पिलू दगावते. एवढे करून ते वाचले तरी काम संपत नाही. शक्य तितक्या लवकर त्याला त्याच्या जातीच्या गटात नेऊन ठेवले पाहिजे. माणसाच्या खांद्यावर वाढलेले माकड पुढे माणसालाच आपला जोडीदार वा प्रतिस्पर्धी समजते. त्याला स्वजातीयांची भाषा येत नाही आणि पिले वाढवणेही येत नाही.

मोजणी आणि वंशावळ

या ज्ञानाचा सर्वांत मोठा लाभ ब्राझीलमधील सोनेरी सिंह-टॅमरिनला झाला. अटलांटिक किनाऱ्यावरील जंगल तुटल्याने १९७० च्या दशकाच्या आरंभी रानात हे प्राणी काही शेच उरले होते, आणि प्राणिसंग्रहालयांतील सत्तर-एक माकडांत जन्मांपेक्षा मृत्यूच अधिक होते. १९७२ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन येथे या विषयावर परिषद भरली. ब्राझीलचे आदेलमार कोइम्ब्रा-फिल्यो यांनी मूळ अरण्यात आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील डेव्हरा क्लाइमन यांनी बंदिवासात या जातीचा अभ्यास चालवला. एका गटात एकच जोडी ठेवणे, आहारात प्रथिने वाढवणे आणि पिलांना धाकट्या भावंडांच्या संगोपनात भाग घेऊ देणे, असे बदल करण्यात आले. काही वर्षांतच संख्या वाढू लागली, आणि पुढे जगभरातील प्राणिसंग्रहालयांत मिळून ती सुमारे पाचशेवर स्थिर ठेवण्यात आली.

‘स्थिर ठेवण्यात आली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पिले होऊ देणे जितके आवश्यक तितकेच योग्य वेळी ती न होऊ देणेही आवश्यक असते. प्रत्येक प्राण्याची वंशावळ नोंदवून, कोणाची जोडी कोणाशी जमवावी हे ठरवले नाही तर निकटच्या नात्यांत संकर होतो. पांढऱ्या वाघांचा रंग हा अशाच निकटसंकराने टिकवला गेला आहे. लोकांना त्याचे कौतुक वाटते. पण जातीचे रक्षण म्हणून त्याकडे पाहता येत नाही. प्रजननाचे यश केवळ पिलांच्या संख्येने मोजू नये, ते यासाठीच.

१९८४ साली बंदिवासात जन्मलेले काही सोनेरी टॅमरिन ब्राझीलमधील पोसो दास आन्तास या राखीव अरण्यात प्रथमच सोडण्यात आले. त्यांपैकी बहुतेक दगावले. त्यांना लवचिक फांदीवर तोल सांभाळता येत नव्हता, झाडाच्या ढोलीत किडा असतो हे माहीत नव्हते, आणि ती रानात वाट चुकत. परंतु जी तगली त्यांना पिले झाली, आणि रानातच जन्मलेल्या त्या पिलांना हे सर्व येत होते. २०१६ नंतर आलेल्या पीतज्वराच्या साथीने त्यांची मोठी हानी केली. तरीही २०२३ च्या गणनेनुसार ब्राझीलच्या अरण्यात सुमारे ४,८०० सोनेरी टॅमरिन होते, आणि त्यांतील बऱ्याच जणांचे पूर्वज पिंजऱ्यात जन्मलेले होते.

आपल्याकडे पश्चिम घाटातील सिंहपुच्छ माकडासाठी असाच नियोजित प्रजननाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला असून चेन्नईजवळील वंडलूर येथील प्राणिसंग्रहालयाकडे त्याचे सूत्रसंचालन आहे. १९९२ साली स्थापन झालेले केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अशा कार्यक्रमांवर देखरेख ठेवते. एकाकी ठेवलेले माकड हे शिक्षेतील कैद्यासारखे असते. समूहात ठेवलेलेच काही शिकू व शिकवू शकते, हा धडा येथेही तितकाच लागू पडतो.

खिशातले माकड

अलीकडे मात्र मार्मोसेट आपल्या शहरांत वेगळ्याच वाटेने येऊ लागले आहेत. आग्नेय आशियातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात लपवलेले परदेशी प्राणी मुंबईसह अनेक विमानतळांवर पकडले गेले आहेत, आणि त्यांत ही चिमुकली माकडेही असतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेले परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करणे आणि त्यांच्या जन्ममृत्यूंची माहिती देणे बंधनकारक आहे. तथापि कायद्याला जे दिसत नाही ते येथपर्यंतच्या विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल. गिऱ्हाइकाला ‘माणसाळलेले’ पिलू हवे असते, म्हणून विक्रेता ते काही आठवड्यांचे असतानाच पित्याच्या पाठीवरून ओढून काढतो. ते दूध सोडण्याच्याही आधी कुटुंबाला मुकते. त्याला भावंड वाहायला मिळणार नाही, डिंक मिळणार नाही, बहुधा ऊनही मिळणार नाही. दीड-दोन वर्षांत ते वयात येते, चावू लागते, आणि मग पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकटे पडते. पुढे कोणी त्याची जोडी जमवली तर त्याच्या पिलांचे काय होणार, हे आता सांगावयास नको.

मर्कटकिशोरन्यायातील पिलू आजही घट्ट धरूनच जन्माला येते. त्याच्या मुठीत कोणताही दोष नसतो. ज्या पाठीला ते धरते त्या पाठीने कधी काळी दुसरे पिलू वाहिले होते की नाही, यावर त्याचे जगणे ठरते. पिंजरा बांधणाऱ्याने गजांची जाडी मोजण्याआधी ही गोष्ट विचारात घ्यावी, आणि पिंजऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या मुलांनाही ती सांगावी.